मदत हवी आहे: ऊसतोड मजूर पुरवणाऱ्या मुकादमानं उचल (आगाऊ दिलेली रक्कम) बुडवली, पोलीस ठाण्यात म्हणतात 'हे दिवाणी आहे'. नव्या कायद्यात पुढची पायरी कोणती?

मंडळी, कायदा शिकलेल्या, कोर्टात उठबस असलेल्या किंवा अशाच प्रकरणातून गेलेल्या कुणीही कृपया वेळ काढून वाचा. लांबलंय, पण तपशिलाशिवाय कुणाला सांगता येणार नाही.

आम्ही कागल तालुक्यातले. घरचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, हंगामात कारखान्याला ऊस वाहतूक. २०२५ च्या उन्हाळ्यात वडिलांनी मराठवाड्यातल्या एका मुकादमाशी १४ कोयत्यांचा (कोयता म्हणजे ऊस तोडणारी मजुरांची एक जोडी) करार केला. स्टॅम्पवर नोटरी, मुकादमाचा फोटो, अंगठा आणि सही दोन्ही, दोन साक्षीदार, मागं प्रत्येक मजुराच्या आधारकार्डाची झेरॉक्स जोडलेली. उचल साडेअकरा लाख. त्यातले सात लाख आईच्या खात्यावरून आरटीजीएसनं गेलेत, बाकी साक्षीदारांसमोर रोख. दिवाळी झाली, कारखान्याचा बॉयलर पेटून हंगाम सुरू झाला, मजुरांची टोळी आलीच नाही. आधी 'उद्या निघतोय', मग 'गाडी बिघडली', मग फोन बंद. कारखान्याकडून घेतलेला अॅडव्हान्स आणि पतसंस्थेचं कर्ज दोन्ही वडिलांच्या डोक्यावर, आणि ट्रॅक्टर दारात उभा.

ठाण्यात गेलो तर वडिलांना म्हणाले, "मामा, हे दिवाणी मॅटर हाय. पैसं दिलं, करार केला, त्यानं पाळला न्हाई. वकील गाठा, कोर्टात जावा." फारच आग्रह धरल्यावर तक्रारी अर्ज घेतला, आवक नंबर दिला, 'चौकशीवर ठेवतो' म्हणाले. तेव्हापासून अर्ज तिथंच आहे. मुकादमाच्या गावच्या ठाण्याला फोन केला तर ते म्हणतात करार कोल्हापुरात झालाय, तिकडंच जा.

पोलिसांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं आहे असं मी म्हणत नाही. दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना वारंवार बजावलंय. नुसता करार मोडला म्हणजे फसवणूक होत नाही, पैसे घेताना सुरुवातीपासूनच हेतू खोटा होता हे दिसावं लागतं, इतकं मलाही कळतं. पण आमच्याकडं नेमकं तेच आहे. शेजारच्या गावातल्या एका वाहतूकदाराची ह्याच मुकादमानं आदल्या वर्षी उचल बुडवली होती. त्यांचा करार आणि आमचा करार शेजारी शेजारी ठेवून बघितले. १४ पैकी ९ जोड्या त्याच. आधारच्या झेरॉक्सवर कोपऱ्यात शाईचा डाग आहे, तो डागसुद्धा तोच. म्हणजे एकच जुना गठ्ठा पुन्हा झेरॉक्स काढून वापरलाय. ह्या माणसाला टोळी आणायचीच नव्हती, हे दाखवायला ह्याहून वेगळं काय लागतं? ठाण्यात हे दोन्ही कागद टेबलावर ठेवले. उचलून बघितलेसुद्धा नाहीत.

मग मी स्वतः वाचायला बसलो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि न्याय संहिता (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता आणि भादंवि यांच्या जागी आलेले कायदे) चाळल्या, संसदेच्या संकेतस्थळावरची २० डिसेंबर २०२३ ची लोकसभेची चर्चा वाचली, दुसऱ्या दिवसाची राज्यसभेचीही. तीन विधेयकं आधी ११ ऑगस्टला मांडली, गृह खात्याच्या स्थायी समितीकडं गेली, मग मागं घेऊन डिसेंबरात नव्यानं आणली. इंग्रजांच्या काळापासूनची सगळी फौजदारी व्यवस्था बदलणारे कायदे दोन्ही सभागृहांतले मिळून शंभराहून जास्त विरोधी खासदार निलंबित असताना मंजूर झाले, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते कुठल्या पक्षाचे होते हा मुद्दा नाही. कारण चर्चा वाचताना दिसतं की मुदतींवर भरपूर बोललं गेलंय: तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवायची, युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत निकाल, फार तर ४५. कायदे १ जुलै २०२४ ला लागू झाले तेव्हा एफआयआरपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत तीन वर्षांत न्याय मिळेल, असं गृहमंत्री अमित शहांनी सांगितलं होतं. पण ही सगळी घड्याळं एफआयआर झाल्यावर सुरू होतात. एफआयआरच्या अलीकडं, ठाण्याच्या दारात, माझ्या बापासारखा माणूस उभा असतो त्या जागेसाठी मला एकच घड्याळ सापडलं, ते म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मधली १४ दिवसांची प्राथमिक चौकशी. तीही डीवायएसपींच्या परवानगीनं.

आणि इथंच माझी खरी अडचण आहे. ही चौकशी तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. न्याय संहितेत फसवून मालमत्ता घेतल्याचं कलम ३१८(४), जुनं ४२०, त्याला शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणजे ते 'सातपेक्षा कमी'त बसत नाही. विश्वासघाताचं ३१६(२) पाच वर्षांपर्यंत, ते बसतं. मग आमचा अर्ज 'चौकशीवर' नेमका कुठल्या कलमाखाली ठेवलाय? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ललिता कुमारी निकालात दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर बंधनकारक म्हटलंय, पण व्यापारी व्यवहारात प्राथमिक चौकशीची सवलतही तिथंच आहे. ती मोकळीक आता १७३(३) नंतर उरते का? उरत असेल तर तिला मुदत किती? डीवायएसपींची परवानगी घेतली होती का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येईल का?

पुढचं जे मी समजलोय ते बरोबर आहे का सांगा. ठाण्यानं नकार दिला तर १७३(४) प्रमाणं एसपींना लेखी, पोस्टानं. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह अर्ज. आदेश देण्याआधी दंडाधिकारी पोलिसांचंही म्हणणं विचारात घेतात असं कलमात आहे. त्यात किती वेळ जातो?

पुराव्याबद्दल: मुकादमाचे व्हॉट्सअॅप व्हॉइस मेसेज आणि कॉल रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहेत. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्राचे दोन भाग लागतात, दुसऱ्यावर तज्ज्ञाची सही. हा तज्ज्ञ कोल्हापुरात कोण मानला जातो? मोबाइल दुरुस्तीवाल्याची सही चालते असं एकजण म्हणाला, मला पटलं नाही.

शेजारच्या वाहतूकदाराचा व्यवहार मे २०२४ चा. म्हणजे त्यांना भादंवि ४२० आणि आम्हाला ३१८(४). एकच आरोपी, एकच पद्धत. दोघांनी एकत्र अर्ज द्यावा की वेगवेगळे? आणि करार वडिलांच्या नावावर असला तरी मोठी रक्कम आईच्या खात्यातून गेलीय, तर आई फिर्यादी होऊ शकते का? महिलांना उत्पन्नाची अट न लागता विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मिळतो, म्हणून विचारतोय. वकिलाची फी आता खरंच झेपत नाही.

नंतरची भर: दोघातिघांनी दिवाणी दावाही टाकून ठेव म्हटलंय, पटलं. लेखी करार आहे म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ चा समरी सूट (झटपट चालणारा दावा), मुदत तीन वर्षं, आणि त्यानं जमीन विकायच्या आत निकालापूर्वीच्या जप्तीचा अर्ज, असं एका वकिलांनी खाली लिहिलंय. जमीन दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी ती जप्ती इथल्या कोर्टातून मागता येते का, तेवढं कुणी स्पष्ट करा.

'चार पोरं घ्या, गाडी काढा, मुकादमाला उचलून आणा' असं दोघांनी लिहिलंय. हे आम्ही करणार नाही, कृपया असलं सुचवू नका. तो अपहरणाचा गुन्हा होतो, आणि मुकादम सापडला नाही की मग रोष कुणावर निघतो हे ह्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत आहे. त्या ९ जोड्यांना आमच्या उचलीतला रुपयाही मिळाला नसेल. त्यांच्या आधारकार्डाचा वापर झालाय, फसवणूक त्यांचीही झालीय. उलट त्यांच्यापैकी कुणी साक्ष द्यायला तयार होईल का, हे विचारायचंय. ऊसतोड कामगारांमध्ये काम करणारं कुणी इथं असेल तर निरोप टाका.

आमदार-खासदारांना लिहावं का, असंही कुणी विचारलंय. पोलीस हा राज्याचा विषय, त्यामुळं लोकसभेत प्रश्न विचारला तर उत्तर राज्याकडं बोट दाखवणारंच येईल. विधानसभेत लक्षवेधी लागली तर जास्त उपयोग होईल असं मला वाटतं: किती तक्रारी अर्ज 'चौकशीवर' पडून आहेत आणि किती दिवसांपासून, एवढंच विचारायचं. ऊस पट्ट्यात अशी घरं शेकड्यानं निघतील. मसुदा करायला मदत करणारं कुणी असेल तर मी रात्री जागून बसायला तयार आहे.

सोमवारी आम्ही आणि शेजारचे वाहतूकदार मिळून एसपींना अर्ज पाठवणार आहोत, त्याची प्रत घेऊन कसबा बावड्याला कार्यालयातही जाणार आहोत. १७३(४) च्या अर्जाचा चांगला नमुना कुणाकडं असेल तर नावं काढून रविवार संध्याकाळपर्यंत इथं टाका. मराठीत असेल तर फार बरं, वडिलांना सही करण्याआधी स्वतः वाचायचाय.