दोष एकट्या ऑनलाइनचा नाही

ऑनलाइन सवलतींनी पुस्तकांच्या साखळी दुकानांचा गळा घोटला, हे मत मला अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या बॉर्डर्स या पुस्तकांच्या साखळीने 2001 साली स्वतःची ऑनलाइन विक्रीच ॲमेझॉनच्या हाती दिली आणि 2011 मध्ये दिवाळं काढलं. उलट बार्न्स अँड नोबल ही तिथलीच दुसरी साखळी 2019 नंतर सावरली, कारण तिचे नवे प्रमुख जेम्स डाँट यांनी कुठली पुस्तकं मांडायची हे त्या त्या दुकानातल्या माणसांवर सोपवलं. ॲमेझॉन तर तेव्हाही होतंच की!

इथे सोलापुरात गेल्या महिन्यात मुलीसाठी गोष्टींचं पुस्तक घ्यायला एका जुन्या दुकानात गेलो. समोर सगळी स्पर्धा परीक्षांची गाइडं. काउंटरवरचा पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "बघा तिकडं कोपऱ्यात." कोपऱ्यात धूळ, आणि कव्हरं उन्हाने पिवळी पडलेली चार पुस्तकं. शेवटी घरी येऊन ऑनलाइन मागवलं, पण सवलतीसाठी नव्हे. भाडं, पगार यांचं ओझं आहे, मान्य. पण याच दुकानात पूर्वी एक काका "हे वाचलंस का रे?" म्हणत पुस्तक हातात ठेवायचे. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कुणालाच तयार केलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.