यूव्ही फ्लॅटबेड प्रिंटर: १४ महिन्यांत पाच प्रिंट हेड गेली, सहावं घेण्याआधी काय तपासू?

फ्लॅटबेड२५१३

मशीन २.५ बाय १.३ मीटरचं, शाईचे थेंब सोडणारी सहा पिएझो हेड. कॅरेजवर डावीकडून क्रम: काळा, सायन, मजेंटा, पिवळा, पांढरा, पांढरा. दोन्ही टोकांना शाई घट्ट करणारे ३९५ नॅनोमीटरचे यूव्ही एलईडी लॅम्प, पॉवर ८० टक्के. हेड आणि शीटमधली गॅप ३ मिमी, हेडचं तापमान ४२ अंश, शाई हेडमध्ये धरून ठेवणारं निगेटिव्ह प्रेशर मीटरवर उणे ३.८ किलोपास्कल.

काळं दोनदा गेलं. दोन्ही वेळेस आधी आठ-दहा नोझल (शाईची बारीक भोकं) गायब, तीही विखुरलेली. तीन आठवड्यांत आकडा शंभरावर. फ्लश (सफाईचा द्रव) मारून एकही परत आलं नाही.

मजेंटा दोनदा. चालू जॉबमध्ये एक अख्खी रांग एकदम बंद. नवीन हेड बसवलं, सहाव्या दिवशी तीच रांग.

टोकाचं पांढरं एकदा. नोझल चालू होती, पण निम्म्यांचा फवारा तिरका.

काम सनबोर्ड (फोमचा बोर्ड), एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट पॅनेल), अ‍ॅक्रिलिक. या वर्षी मिरर अ‍ॅक्रिलिक आणि स्टीलच्या लिफ्ट पॅनेलचं काम वाढलंय. शॉप भोसरीत. गुरुवारी बऱ्याचदा चार-पाच तास लाइट नसते, तेव्हा मशीन पूर्ण बंद. सर्व्हिसवाला शाईला नावं ठेवतो, शाईवाला मशीनला. आता सहावं हेड आणायचंय. कुठून सुरुवात करू?

नोझलचेक

पाच हेड गेली असं धरून एकच कारण शोधत बसाल तर सापडणार नाही. तुमच्या वर्णनातच तीन वेगवेगळी दुखणी आहेत. विखुरलेली नोझल हळूहळू जाणं म्हणजे शाई तोंडाशीच घट्ट होतेय. अख्खी रांग एका क्षणात जाणं हे इलेक्ट्रिकल. तिरका फवारा म्हणजे नोझल प्लेटला काहीतरी घासलंय किंवा चिकटलंय. जुनी हेड फेकली नसतील तर २० पटीचं भिंग घेऊन प्लेट बघा. कॅरेजच्या दिशेने ओरखडे असतील तर शीट लागलीय. प्लेट निस्तेज, सायीसारखा थर असेल तर शाई तिथेच क्युअर झालीय, म्हणजे यूव्ही उजेडाने घट्ट झालीय.

काळ्याबद्दल माझा संशय सरळ मिररवर. काळं हेड डाव्या लॅम्पला खेटून आहे. मिरर अ‍ॅक्रिलिकच्या मागे अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो आणि अ‍ॅल्युमिनियम ३९५ नॅनोमीटरचा उजेड ९० टक्क्यांच्या आसपास परत फेकतं. ३ मिमीची गॅप म्हणजे दाराखालची फट समजा. लॅम्पचा उजेड शीटवर आपटतो, कॅरेजच्या तळाला लागतो, पुन्हा शीटवर, असा करत हेडपर्यंत येतो. एका जॉबमध्ये काही दिसत नाही. रोज थोडं थोडं साचतं आणि महिन्याभराने हेड बंद पडतं.

खात्री करून घ्या, अंदाजावर खर्च नको. पारदर्शक फिल्मचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकावर स्वॅबने काळ्या शाईचा पातळ पट्टा ओढा. गॅप १ मिमीने वाढवा. एक तुकडा शाईची बाजू खाली ठेवून काळ्या हेडशेजारी कॅरेजच्या तळाला चिकटवा. बेडवर मिरर ठेवून, प्रिंट न करता, लॅम्प ८० टक्क्यांवर ठेवून कॅरेज १० मिनिटं फिरवा. मग दुसरा तुकडा लावून मिररऐवजी मॅट काळ्या कागदावर तेच करा. दोन्ही पट्ट्यांवर कोरडा स्वॅब फिरवा. मिररवाला पट्टा पुसला जात नसेल तर उत्तर मिळालं. हे करताना यूव्हीचा चष्मा लावा, मिररमुळे उजेड थेट डोळ्यात येतो.

चॅनेल_बी

मजेंटाच्या जागी आत्ता नवीन हेड लावू नका. एकाच जागी दोन हेडची तीच रांग जाते तेव्हा गुन्हेगार बहुतेक हेडबोर्ड (हेड चालवणारं सर्किट) किंवा केबल असते. ड्राइव्ह ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की पिएझोवर सतत व्होल्टेज बसतं. नवं हेड मग किती दिवस टिकेल ते नशीब.

क्रमाने करा. मेन बंद, प्लग बाहेर, १० मिनिटं थांबा, कपॅसिटर रिकामे होऊ देत. मजेंटाची एफएफसी (चपटी) केबल काढून टोकं बघा. शाईचा डाग, काळपटपणा, वाकडी पिन, काहीही दिसलं तर केबल सरळ बदला, पुसून परत लावू नका. केबलपेक्षा हेड कितीतरी महाग आहे. मग मल्टिमीटरने बोर्डवर त्या रांगेचा ड्राइव्ह ट्रान्झिस्टर आणि फ्यूज तपासा. शेजारच्या चांगल्या चॅनेलचं रीडिंग घेऊन तुलना केली की फरक लगेच कळतो. तसंच मेलेल्या हेडच्या ड्राइव्ह लाइन आणि ग्राउंडमध्ये शॉर्ट आहे का तेही बघा.

"केबल अदलाबदल करून बघा" असा सल्ला कुणीतरी देईलच. हेड शॉर्ट असेल तर त्या अदलाबदलीत चांगला चॅनेलही उडतो. आधी मीटर, मग अदलाबदल.

आणखी एक. प्रत्येक हेडच्या लेबलवर त्याचं स्वतःचं व्होल्टेज छापलेलं असतं. हेड बदलल्यावर तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरावा लागतो. बरेच टेक्निशियन जुनाच ठेवतात. जास्त व्होल्टेजवर मिस्ट (शाईचं धुकं) वाढते, थेंब फुटतात आणि पिएझो लवकर थकतो. अर्थिंगही मोजून घ्या. मशीनच्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये २ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पांढरी_शाई

गुरुवारकडे कुणी बघितलंच नाही. पांढऱ्यातला टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड. सर्क्युलेशन चार तास बंद म्हणजे गाळ डँपरच्या (हेडआधीची छोटी शाईटाकी) आणि फिल्टरच्या तळाशी. त्याहून वाईट म्हणजे व्हॅक्यूम पंप बंद पडला की निगेटिव्ह प्रेशर हळूहळू उतरतं आणि शाई नोझलमधून ओघळते. ती प्लेटभर पसरते, कडेने वर चढते आणि केबलच्या कनेक्टरपर्यंत जाते. मजेंटाचा शॉर्ट इथूनच आला असेल तर नवल नाही.

सर्क्युलेशन पंप आणि व्हॅक्यूम पंप फार करंट खात नाहीत. हे दोन आणि कंट्रोल सप्लाय वेगळ्या यूपीएसवर घ्या. ते जमेपर्यंत बुधवारी रात्री हेड कॅप करून ठेवा. लाइट आल्यावर पांढरं अर्धा तास फिरवा, छोटा पर्ज (दाबाने थोडी शाई बाहेर काढणं), मग नोझल चेक. शाई न फिरवता थेट पर्ज मारला तर तळाचा गाळच हेडमध्ये ढकलला जातो.

तिरक्या फवाऱ्याचं कारण बहुतेक सनबोर्ड. लॅम्पच्या उष्णतेने कोपरा उचलतो. चारही कडांना टेप लावा, आणि अँटी-कोलिजन सेन्सर खरंच काम करतो का ते गॅपपेक्षा अर्धा मिमी जाड तुकडा बेडवर ठेवून, प्रिंट न करता, कॅरेज हाताने ढकलून बघा. तुकडा हेडपर्यंत पोचण्याआधी सेन्सरने अलार्म दिला नाही, तर तिथेच थांबा, तो सेन्सर फक्त शोभेचा.

आणि थिनर, अ‍ॅसिटोन, अल्ट्रासॉनिक हे उपाय सांगणाऱ्यांपासून लांब राहा. क्युअर झालेली यूव्ही शाई ही वाळलेली शाई नव्हे. तिचे रेणू एकमेकांत जोडले गेलेले असतात, कुठल्याही द्रवात विरघळत नाहीत, फार तर फुगतात. थिनरने शाई निघत नाही, पण नोझल प्लेटचा गोंद मात्र सुटतो. यूव्ही फ्लश, पॉलिस्टरचा बिनधाग्याचा स्वॅब, एकाच दिशेने, न दाबता. हातात नायट्रिल ग्लोव्हज. या शाईची अ‍ॅलर्जी एकदा बसली की जात नाही.

फ्लॅटबेड२५१३

फिल्मची टेस्ट केली. मिररवाल्या पट्ट्यावर साय धरली, स्वॅब नुसता घसरतो. काळ्या कागदावाला पट्टा पूर्ण पुसला गेला.

मजेंटाचा बोर्ड उघडला तर एका फ्यूजच्या जागी सोल्डरचा थेंब टाकून जोड दिलेला. कुणी कधी केलं माहीत नाही. बोर्ड दुरुस्तीला दिला, केबल नवी मागवली.

आता ४० मिरर शीट शनिवारपर्यंत द्यायच्या आहेत, त्याही नुसत्या काळ्या प्रिंटच्या. मजेंटा नाही म्हणून अडत नाही, पण काळं हेड नवीन आहे. काय करू?

चॅनेल_बी

सोल्डरचा थेंब! मग पहिलं हेड गेलं तेव्हाच फ्यूज उडाला असणार, आणि दुसऱ्याला वाचवायला तिथे काहीच नव्हतं. दुरुस्तीवाल्याला त्याच रेटिंगचा फ्यूज टाकायला सांगा आणि बोर्ड परत आला की आधी हेडशिवाय व्होल्टेज मोजा.

नोझलचेक

गॅप १.५ मिमीवर आणा, मिरर सपाट असतो, जमेल. एकदिशा प्रिंट लावा, कॅरेज उजवीकडून डावीकडे येताना. म्हणजे मागचा लॅम्प उजवा येतो आणि काळ्याशेजारचा डावा पूर्ण बंद ठेवता येतो. उजवा ४० टक्क्यांवर. वेळ जवळजवळ दुप्पट लागेल, ते धरूनच शनिवारचा हिशेब करा. चिकटपणा राहिला तर प्रिंट संपल्यावर नुसत्या लॅम्पचा एक पास द्या. तेव्हाही गॅप १.५ मिमीच.

बेडचा जो भाग उघडा राहतो त्यावर मॅट काळा कागद. बेडही अ‍ॅल्युमिनियमचाच आहे हे विसरायला होतं. लॅम्प आणि हेडच्या मध्ये काळ्या ब्रशची पट्टी बसवा, शीटपासून १ मिमी वर. दर पाच शीटनंतर थोडा पर्ज आणि वाइप, म्हणजे थर घट्ट व्हायच्या आत निघून जाईल. पांढरी हेड आता चालू लॅम्पच्या बाजूला आलीत, त्यामुळे या जॉबला पांढरं लागत नसलं तरी त्यांनाही प्रत्येक वेळी सोबत पर्ज करा.