वर्ग रिकामे का राहतात

'फुकट मिळतं म्हणून किंमत नाही, रहिवाशांसाठीचे वर्ग ओसच पडतात' असं सरकारी मदतीच्या घरांत चालणाऱ्या कौशल्य-वर्गांबद्दल कुणीतरी लिहिलंय. अर्धंच पटलं. अशा घरांचं भाडं उत्पन्नाच्या प्रमाणात असेल तर पगार वाढला की भाडंही वाढतं. मग कोर्स करून जास्त कमवायचं कशाला, हा हिशोब माणूस करणारच. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने आलेल्या 'फॅमिली सेल्फ-सफिशियन्सी' योजनेत यावर तोडगा आहे. कमाई वाढली की भाडं वाढतंच, पण त्या वाढीच्या हिशोबाने कुटुंबाच्या नावे वेगळ्या खात्यात पैसे साठतात. करार, बहुधा पाच वर्षांचा, पूर्ण केला की रक्कम हातात. (मध्येच सोडला तर गेली. हे जरा कठोरच.)

बाकी, संध्याकाळी पाचच्या वर्गाला पाळीत काम करणारी बाई येणार कधी, आणि मूल ठेवणार कुणाकडे?