कालियामर्दनाचा हलता देखावा: मूर्ती स्टेजखालून वर कशी आणायची?

डोहकाठ, सांगली
मंडळाचा यंदाचा देखावा कालियामर्दन. फण्यावर उभा कृष्ण डोहातून वर यायला हवा. फायबरची मूर्ती आणि फणा मिळून उंची साडेचार फूट, वजन 60 किलो, खालचा लोखंडी पाट धरून 80. वर्म गिअरबॉक्सच्या (स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणाऱ्या) विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, चाचणी घेतली तर वर नीट जाते, उतरताना मात्र धडधडत येते. खाली खड्डा खणावा का? फणा डोलवायला काय लावावं? आणि निवेदनाशी हालचाल कशी जुळवायची? थीम पार्कमधल्या शोमध्ये हे स्टेजखाली कसं बसवतात, कुणाला माहीत असेल तर सांगा.

कुपवाड फिटर
दादा, खड्डा अजिबात नको. भाद्रपदात काळ्या मातीत खणलेला खड्डा म्हणजे विहीरच, आणि मोटर तिच्या तळाशी. स्टेजच पाच फूट उचला, समोरून निळं कापड सोडा, पहिली रांग दहा फूट मागे ठेवा. डिस्नेच्या भुताच्या हवेलीतली लांबत जाणारी खोली बघा: कॅलिफोर्नियात जमीन खाली जाते, फ्लोरिडात छत वर जातं. आत उभ्या माणसाला दोन्हीकडे सारखंच वाटतं.

धडधडीचं कारण गिअरबॉक्स. वर जाताना मोटर ओझं ओढते, उतरताना ओझं गिअरला ढकलतं. वर्म ते अडवतो, सोडतो, परत अडवतो. मोठी मोटर लावून हे जात नाही. काउंटरवेट, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला तोलाचं वजन, लावा. 80 किलोला 70 किलोचं वजन समोर टांगलं की मोटरच्या वाट्याला 10 किलो आणि घर्षण उरतं. साडेचार फूट 12 सेकंदांत चढवायला एरवी 90 वॉट लागतात, मग पंचवीसच्या आसपास पुरतात. पाव एचपीची ब्रेकवाली गिअर मोटर भरपूर झाली. लाईट गेली की ब्रेक आपोआप लागतो, मूर्ती आहे तिथेच थांबते. हाताने ब्रेक सोडायचा दांडा असलेलीच घ्या.

वायररोप 6 मिमी, पण एक नको, दोन स्वतंत्र. पुली 120 मिमीपेक्षा लहान घेतली तर दोर वाकून वाकून आतल्या तारा तुटतात, आणि वरून काही दिसत नाही. प्रत्येक टोकाला तीन क्लॅम्प. क्लॅम्पचा यू-बोल्ट दोराच्या मोकळ्या, आखूड बाजूला यायला हवा आणि खोगीर (क्लॅम्पचा खाचेचा तुकडा) ताणाच्या बाजूला. मांडवात निम्मे क्लॅम्प उलटे दिसतात. उलटा बसला की यू-बोल्ट ताणाचा दोर चेंगरतो आणि दोर तिथेच कमजोर होतो.

पाट चार बेअरिंगवर सी-चॅनेलमध्ये चालवा. वरच्या आणि खालच्या बेअरिंगमध्ये किमान दीड फूट अंतर ठेवा, नाहीतर फण्याचं वजन पुढे झुकतं आणि पाट लाकडी ड्रॉवरसारखा तिरका अडकतो. काउंटरवेटभोवती जाळी हवीच. मांडवामागे पोरं कुठेही शिरतात.

सातारी वायरमन
वरचं पटलं. भर एवढीच की दोन्ही टोकांना दोन-दोन लिमिट स्विच (पाट टेकला की मोटर बंद करणारे) घाला. पहिला थांबवायला, दुसरा दोन इंच पुढे, थेट कॉन्टॅक्टर (मोटरचा मुख्य स्विच) पाडणारा. जोडणी नॉर्मली क्लोज, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबते. पुरवठ्याला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच पुरवठा तोडणारा स्विच). पावसात मांडवाच्या लोखंडी पाइपांचा भरवसा नाही.

क्रँक आणि कॅम
फणा आणि बासरीच्या हाताला गाडीच्या काचेची वायपर मोटर पुरे. क्रँक (मोटरवर फिरणारी दांडी) 40 मिमी आणि फण्याची दांडी 120 मिमी धरली तर फणा दोन्ही बाजूंना मिळून जवळजवळ 39 अंश डोलतो. क्रँक 30 केला तर 29. वेग कमी करायला व्होल्टेज उतरवू नका, जोरही जातो आणि मोटर मध्येच अडकते. पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पुरवठा झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी करणारा) लावा.

मोठ्या पार्कात हलक्या हालचालींना हवा वापरतात. 1963 मध्ये डिस्नेलँडला सुरू झालेल्या टिकी रूममधले पक्षी हवेवर चालायचे. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यातल्या डिस्नेच्या हलत्या-बोलत्या लिंकनच्या पुतळ्याला हायड्रॉलिकही लागलं. तेल मंडळाने आणूच नये, एक सील गळला की पीतांबर गेलं. हवाही जपून: 32 मिमीचा सिलिंडर 6 बारला 49 किलोच्या आसपास ढकलतो, म्हणजे बोट सापडलं तर संपलं. आणि या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडावं लागतं.

निवेदन जुळवायला टिकी रूमचीच युक्ती चालते. तिथे टेपवरच्या वेगवेगळ्या सुरांनी धातूच्या पट्ट्या थरथरून रिले (विजेवर चालणारे स्विच) लागायचे. आता एकाच फाइलचा डावा चॅनेल स्पीकरला द्या, उजव्यात 700, 1100, 1700 हर्ट्झचे सूर भरा आणि तीन एलएम 567 (ठरावीक सूर ओळखणारी चिप) लावून तीन रिले चालवा. फाइल डब्ल्यूएव्ही ठेवा. एमपीथ्रीत दाबताना एका चॅनेलचं दुसऱ्यात मिसळू शकतं, आणि मग निवेदकाच्या 'ओ'वर फणा हलतो.

डोहकाठ, सांगली
जनरेटरवर मोटरचा वेग बदलतो. पाच-सहा शोनंतर सूर आणि हालचाल यांत अंतर पडणार नाही का?

क्रँक आणि कॅम
फाइल सलग फिरवत ठेवली तर पडेल. म्हणून फाइल घड्याळावर सुरू करू नका, खालच्या लिमिट स्विचवर करा. पाट पूर्ण बसल्याशिवाय पुढचा शो लागतच नाही. आणखी एक: बऱ्याच वायपर मोटरींची बॉडीच निगेटिव्ह असते. सगळ्या एकाच सांगाड्यावर बसवून एखादीची दिशा उलटायला तारा अदलाबदल केल्या, तर थेट शॉर्ट. मोटर आणि सांगाडा यांच्यामध्ये 6 मिमी रबर, बोल्टला नायलॉनचा बुश.