वाचनालयाच्या भिंतीसाठी सोलापूरचा इतिहास कापडावर शिवायचाय, सल्ला हवाय

पूर्वभागकर
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनालयात एक भिंत मोकळी आहे, १२ फूट बाय ५ फूट. तिथे सोलापूरचा इतिहास लावायचाय आणि तो कापडावरच करायचा हे बायकांनीच ठरवलंय, कारण आमच्याकडे घरटी कुणी ना कुणी गिरणीत, मागावर नाहीतर विड्यांवर राबलेलं आहे. वीसेक जणी तयार आहेत, मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू सगळ्या बोलणाऱ्या. वाकळ सगळ्यांना शिवता येते, चित्र मात्र कुणी केलेलं नाही. १८७७ ची जुनी गिरणी, मे १९३० चा मार्शल लॉ, त्यातले फाशी गेलेले चार हुतात्मे, सिद्धेश्वराची यात्रा, चादर, विडी एवढं ठरलंय. अखंड कापड घ्यावं का तुकडे करावेत? आणि हुतात्म्यांचे चेहरे कसे करायचे? एक करून बघितला तर नाक काही केल्या बसेना, बायका म्हणाल्या असा चेहरा लावायचा नाही, त्यांचा अपमान होतो.

धावदोरा
तुकडेच करा. १२ फुटी कापडाभोवती वीस जणी रोज बसणार कुठे, तुकडा असला की बाई घरी नेते, दुपारी कामं आवरली की चार टाके घालते. तुमच्या मापात २ फूट बाय अडीच फुटाचे बरोबर १२ तुकडे बसतात. पण कापताना चारी बाजूंनी दोन-तीन इंच जास्त ठेवा, कारण धावदोरा घालत गेलं की कापड आक्रसतं, आणि प्रत्येकीचा हात वेगळा, कुणी दोरा घट्ट ओढतं कुणी सैल, त्यामुळे शेवटी एकही तुकडा दुसऱ्याशी जुळत नाही. सगळं शिवून झालं की मग मापात कापायचं.
खाली मांजरपाट घ्या, आधी गरम पाण्यातून काढून वाळवा. आणि रंग तपासल्याशिवाय एकही चिंधी लावू नका, हे कळकळीने सांगते. लाल खणाने आमचं तीन महिन्यांचं काम गेलंय, पहिल्याच धुण्यात आख्खं पांढरं आभाळ गुलाबी झालं. ओल्या पांढऱ्या फडक्यात चिंधी दाबून ठेवा, डाग उमटला तर ती बाजूला. फेव्हिकॉल अजिबात नको, कापड कडक होतं आणि पुढे सुई शिरत नाही.

एडिंबरावासी
इथे स्कॉटलंडचा सगळा इतिहास असाच शिवलाय, १६० तुकडे, हजाराच्या आसपास लोकांनी मिळून, आता गॅलाशील्सला कायमचा ठेवलाय. नावात टॅपेस्ट्री आहे पण विणलेलं नाही, लिननवर भरतकाम आहे. मूळ रेखाटन एका चित्रकाराचं, पण शिवणाऱ्यांनी त्यात आपल्याकडचं भरलं, आणि बघताना पाय तिथेच थांबतात. तुम्हीही चित्रकाराकडून फक्त ढोबळ रेषा काढून घ्या, आतलं बायकांवर सोडा.

गिरणीवाल्याची नात
चेहरे करूच नका असं मला मनापासून वाटतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, चारही नावं मोठ्या अक्षरात टाक्यांनी लिहा, खाली १२ जानेवारी १९३१, येरवडा, आणि बाकी तुकडा मोकळा ठेवा. नावं चार लिप्यांमध्ये घ्या, तुमच्याकडे लिहिणाऱ्या आहेतच की. शेजारच्या तुकड्यात सिद्धेश्वराचे नंदीध्वज, यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या, येऊ द्या, यात्राही त्याच दिवसांत असते.
दुसरं म्हणजे दुकानातून कापड आणू नका, घरोघरी मागा. माझ्या आजोबांच्या चादरीचा तुकडा आहे माझ्याकडे, मधे फाटलं होतं तिथे आजीने दुसऱ्याच रंगाच्या सुताने रफू केलंय, चौकोनी, नखाएवढं. गिरणीची चिमणी करायची तर असल्या चादरीतूनच करा आणि रफू लपवू नका. मागच्या बाजूला कापड कुणाच्या घरचं ते शिवून ठेवा. आणि गिरण्या बंद पडल्या तो तुकडा गाळू नका हो, आमच्या घरातला सगळ्यात मोठा इतिहास तोच आहे.

पूर्वभागकर
वाचून दाखवलं सगळ्यांना. १२ तुकडे नक्की, चेहरे नाहीत. गिरणी बंद पडल्याचा तुकडा घ्यायला दोघीतिघी तयार नव्हत्या, एकीने घरी जाऊन नवऱ्याचा खाकी शर्ट आणला, म्हणाली भोंगा याचा करा, मग कुणी काही बोललं नाही. विडीवाल्या मावशी सूप, कात्री आणि पानं स्वतः काढणार आहेत. आता एकच विचारायचंय, मागाचा खरा लाकडी धोटा, म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडे नेतो तो, मिळालाय, तो शिवून बांधला तर चालेल का? आणि भिंतीवर टांगायचं कसं?

धावदोरा
खरा नको, वजनाने तेवढंच कापड खाली ओढलं जाईल आणि वर्षभरात टाके तुटतील. कापडाचा करा, आत चिंध्या ठासा, खरा धोटा खाली कपाटात ठेवा. टांगायला मागून वरच्या कडेला आख्ख्या लांबीची नळी शिवा, पडद्याला असते तशी, त्यातून ॲल्युमिनियमचा पाइप घाला. खिळे कापडात नकोत. आणि दुपारचं ऊन त्या भिंतीवर येतं का ते आधी बघा, येत असेल तर भिंतच बदला.