०.५ व्होल्टचा एडीसी थंडीत का चुकतो?

प्रश्न

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी ६५ नॅनोमीटर सीमॉस चिप-तंत्रज्ञानात १० बिटांचा एसएआर एडीसी (अ‍ॅनालॉग व्होल्टेजचे एकेक बिट ठरवत अंकांत रूपांतर करणारे सर्किट) रचत आहे. पुरवठा ०.५ व्होल्ट, वेग सेकंदाला १ लाख नमुने, इनपुट डिफरन्शियल (दोन बाजूंमधल्या फरकाच्या रूपात) आणि प्रत्येक बाजूला एकूण १ पिकोफॅरड कपॅसिटर आहे. टिपिकल कॉर्नरमध्ये (ट्रान्झिस्टर सरासरी वेगाचे बनले असे धरून) २७ अंश सेल्सिअसला सारे सुरळीत चालते. स्लो कॉर्नरमध्ये (ते मंद बनले असे धरून) उणे २० अंशांवर मात्र मधल्या पट्ट्यातले इनपुट विकृत होते आणि शेवटचे बिट चुकतात. सॅम्पलिंगला (इनपुट कपॅसिटरवर टिपायला) साधा ट्रान्समिशन गेट (एनमॉस आणि पीमॉस हे दोन उलट प्रकारचे ट्रान्झिस्टर समांतर जोडून केलेला स्विच) आणि कंपॅरेटर (कोणते व्होल्टेज मोठे ते ठरवणारे सर्किट) म्हणून स्ट्राँगआर्म ही रचना वापरली आहे. स्विचचे ट्रान्झिस्टर रुंद केल्याने भागेल का?

प्रतिसाद १

भागणार नाही. इनपुट ०.२५ व्होल्टच्या आसपास असताना एनमॉस आणि पीमॉस या दोघांच्याही वाट्याला गेट-सोर्समध्ये जेमतेम ०.२५ व्होल्ट येतात, म्हणजे दोघेही थ्रेशोल्डच्या (ट्रान्झिस्टर नीट चालू होण्याच्या व्होल्टेजच्या) बरेच खाली राहतात. तिथे साधारण दर ९० मिलिव्होल्टांमागे प्रवाह दहापट बदलतो आणि थंडीत थ्रेशोल्ड आणखी वर सरकतो, तर रुंदी दुप्पट केल्याने प्रवाह फक्त दुप्पट होतो. गेटच बूस्ट करा, म्हणजे त्याला पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्टेज द्या. नेहमीच्या बूटस्ट्रॅपने (इनपुटवर पुरवठ्याएवढे व्होल्टेज चढवून ते गेटला देणाऱ्या सर्किटने) गेट-सोर्स व्होल्टेज ०.५ वर स्थिर राहते, पण स्लो कॉर्नरला तेही तोकडे पडते. म्हणून बूस्टचे दोन टप्पे घेऊन ते १ व्होल्टच्या जवळ न्यावे.

प्रतिसाद २

सहमत, पण फास्ट कॉर्नरमध्ये ८५ अंशांवरही तपासा, कारण तिथे दुखणे नेमके उलटे असते. बंद स्विचमधून १ नॅनोअँपिअर गळती झाली, तर १० मायक्रोसेकंदांत १ पिकोफॅरडवरचे व्होल्टेज १० मिलिव्होल्टांनी घसरते, आणि तुमचा एलएसबी (सर्वांत लहान बिटाची पायरी) जेमतेम १ मिलिव्होल्ट आहे. दोन्ही बाजूंची समान गळती डिफरन्शियल रचनेत वजा होते, इनपुटनुसार बदलणारी उरतेच. बूस्टमुळे मिळालेली सवलत इथे वापरा आणि स्विचसाठी जास्त थ्रेशोल्डचा ट्रान्झिस्टर निवडा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सिम्युलेशनमध्ये आदर्श स्विच लावून पाहिला. विकृती गेली, तरी शेवटचे दोन बिट अजून चुकतात.

प्रतिसाद १

मग कंपॅरेटर वेळेत निर्णय देत नाही. स्ट्राँगआर्ममध्ये पुरवठा आणि ग्राउंड यांच्यामध्ये चार ट्रान्झिस्टर एकावर एक असतात आणि अर्ध्या व्होल्टमध्ये चौघांना पुरेसे काही उरत नाही. २००७ मध्ये मांडलेल्या डबल-टेल या दोन टप्प्यांच्या कंपॅरेटर रचनेत प्रत्येक टप्प्यात तीनच असतात. शिवाय घड्याळ असिंक्रोनस करा, म्हणजे एक बिट ठरताच पुढचा सुरू होऊ द्या: ज्या बिटांना फरक मोठा असतो तिथे वाचलेला वेळ त्या एखाद्या अवघड बिटाला मिळतो, जो ठरावीक घड्याळात मिळूच शकत नाही.

प्रतिसाद २

एक जोड देतो. थ्रेशोल्डखालच्या या पट्ट्यात थ्रेशोल्डमधली १० मिलिव्होल्टांची तफावत प्रवाहात सुमारे ३० टक्के फरक पाडते, त्यामुळे माँटे कार्लो (ट्रान्झिस्टरांत यादृच्छिक तफावती घालून अनेकदा केलेले सिम्युलेशन) केवळ कंपॅरेटरवर न करता असिंक्रोनस लूपमधल्या डिले साखळीवरही (पुढच्या बिटाची वेळ ठरवणाऱ्या विलंब-सर्किटवरही), आणि तेही उणे २० अंशांवरच करावे.