टीबीचे पूल केलेले सँपल, रिपोर्टला उशीर होतो, काय करता येईल?

लॅबवाली_म्हापसा
नमस्कार मंडळी. 31 जुलैला मासेमारीबंदी संपते, त्या सुमाराला ओडिशा-झारखंडकडची माणसं ट्रॉलरवर कामाला येतात आणि आम्ही जेटीवर टीबीचं शिबिर घेतो. जीनएक्सपर्ट, म्हणजे बेडक्यात टीबीचे जंतू शोधणारं मशीन, त्याला दर टेस्टला एक कार्ट्रिज लागतं आणि ते महाग, म्हणून चौघांचा बेडका एकत्र करून (म्हणजे पूल करून) एकच टेस्ट लावतो. निगेटिव्ह आलं की चौघेही मोकळे, पण पॉझिटिव्ह आलं की परत चौघांची वेगळी टेस्ट, आणि तोवर ट्रॉलर खोल समुद्रात, म्हणजे तो माणूस बाकीच्यांबरोबर त्याच केबिनमध्ये खोकत झोपणार. मशीनला दोन तासही लागत नाहीत, मग उशीर कमी करायचा कुठे?

मास्तर_फोंडा
ताई, आधी बघा पूल करणं परवडतंय का. 100 जणांत 2 पॉझिटिव्ह असतील तर चारच्या पूलने सरासरी 33 कार्ट्रिज लागतात, 10 असतील तर 59, आणि 20 असले तर 84, तेव्हा एवढी धावपळ कशाला? ज्याला दोन आठवड्यांवर खोकला आहे, वजन उतरलंय, त्याला पूलमध्ये घालूच नका, थेट एकट्याची टेस्ट. बाकीच्यांचे पूल करताना एका ट्रॉलरवरचे, एका खोलीतले एकाच पूलमध्ये घ्या. लागण बरोबर राहणाऱ्यांत होते, म्हणजे पॉझिटिव्ह एकाच पूलमध्ये जमतात, पॉझिटिव्ह पूल कमी निघतात आणि दुसरी फेरीही कमी होते.

सिस्टर_मडगाव
मास्तरांचं बरोबर, पण माझ्या अनुभवात खरा वेळ जातो तो चौथं सँपल यायची वाट बघण्यात. तीनच आले तर तिघांचा पूल लावा ना! आणि प्रत्येकाचा थोडा बेडका वेगळ्या डबीत पूल नंबर लिहून फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पॉझिटिव्ह आल्यावर माणूस शोधत जेटीवर फिरावं लागतं आणि तो नेमका तेव्हाच बोटीवर चढलेला असतो. पॉझिटिव्ह पूलवाले चौघे रांगेत सगळ्यांच्या पुढे, नवीन पूल थांबू देत. आपल्या वेर्ण्यात बनणारं ट्रूनॅट हे टीबी टेस्टचं मशीन बॅटरीवर चालतं, ते मिळालं तर दुसरी फेरी जेटीवरच उरकेल.

लॅबवाली_म्हापसा
एका ट्रॉलरचे एका पूलमध्ये हे आमच्या डोक्यातच नव्हतं आलं, आम्ही रांगेत येतील तसे घेत होतो. ट्रॉलरचं नाव फॉर्मवर असतंच, त्यामुळे कठीण नाही. आता तांडेलांशी (बोटींच्या कप्तानांशी) बोलते, सगळ्यांचे रिपोर्ट हातात येईपर्यंत बोट सोडू नका म्हणून.